क्रँक सीलचे १४,००० घेतले, गळत होतं टॅपेट कव्हर

इंदुरात जुनी टाटा ४०७ (छोटा मालवाहू ट्रक) बाळगणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझे काका सियागंजातून किराणा माल भरून देवास-उज्जैनकडे नेतात. गाडी त्यांची, ड्रायव्हरही तेच. गाडीखाली ऑइलचे डाग पडायला लागले आणि गेजवर पातळी उतरायला लागली, तसं त्यांनी देवास नाक्याकडच्या एका मिस्त्रीला दाखवलं. तो खाली वाकला, बेल हाऊसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोक्यावरून) बोट फिरवलं आणि म्हणाला, "भिया, क्रँक सील गई. गिअरबॉक्स उतारना पड़ेगा." क्रँक सील म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारं रबराचं कडं; ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. वर ऑइल भरायचं झाकण काढून, चालू इंजिनमधून येणारी वाफ दाखवली आणि लवकरच हाफ इंजिन (पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलण्याचं मोठं काम) करावं लागेल अशी भीतीही घातली. मजुरी आणि सामान मिळून १४,००० घेतले. बिल दिलं नाही. जुनं सील म्हणून एक काळं रबर हातावर ठेवलं.

काही दिवस खालची बाजू कोरडी राहिली, मग पुन्हा थेंब सुरू झाले. तेव्हा सुदामा नगरातल्या घरासमोर गाडी उभी केली, चाकांना ओट लावली आणि इंजिन थंड झाल्यावर आम्ही दोघं खाली शिरलो. गिअरबॉक्स इंजिनाला धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर धूळ आणि तेलाची जुनी, खडबडीत मळी जशीच्या तशी बसलेली होती. पाना लागला की बोल्टाच्या कडा चमकतात, मळीचे टवके उडतात. इथे एकाही बोल्टाला ओरखडा नव्हता. गिअरबॉक्स उतरलाच नव्हता! फक्त खालून डिझेलने धुऊन, सांध्यावर बाहेरून सिलिकॉन थापलं होतं. ते पाहून काकांचा चेहरा उतरला. मला अजूनही राग येतो, कारण हे पैसे त्यांनी टायरसाठी बाजूला ठेवले होते.

ही लबाडी खपते, कारण तेल वरून गळलं तरी इंजिनाच्या मागच्या बाजूने ओघळत बेल हाऊसिंगवर येतं आणि क्रँक सीलचं तेल जिथून ठिबकतं तिथूनच ठिबकतं. म्हणून थेंब कुठे पडतो ते पाहू नका, ओल कुठून सुरू होते ते शोधा. आम्ही ब्रश आणि डिझेलने इंजिन वरपासून धुतलं, पूर्ण वाळू दिलं, अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी उभ्यानेच चालू ठेवली. पंखा-पट्ट्यापासून हात आणि कपडे लांब ठेवा. थोड्या वेळात टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्याखाली पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उमटली.

कव्हर उघडलं तर पॅकिंग कडक होऊन तडकलेलं. नवं काही शेकड्यांत मिळालं. जुन्याचे तुकडे खरवडताना आत पडू देऊ नका. सिलिकॉनचा जाड थरही नको. आत निघालेलं सिलिकॉन सुटून चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) जाळीत अडकतं. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे, सारखे आवळा. जास्त आवळले की पत्र्याचं कव्हर वाकतं आणि पुन्हा गळतं. ब्रीदरची नळीही चिखलाने तुंबलेली निघाली. ती तुंबली की आतला दाब बाहेर पडत नाही आणि तेल मिळेल त्या फटीतून ढकललं जातं. नळी धुतली, पॅकिंग बसवलं, गळती थांबली.

वाफेचं म्हणाल, तर जुन्या डिझेल इंजिनात थोडी वाफ येणारच. झाकण भोकावर उलटं, नुसतं टेकवून ठेवा. जोराने उडालं तर रिंगांची शंका घ्या. काकांच्या गाडीत ते फक्त थरथरत राहिलं.

जाब विचारल्यावर मिस्त्री म्हणाला, ट्रक धंद्याचा, ग्राहक आयोगात तुमचं कोण ऐकणार? हे खोटं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू धंद्याची धरली जात नाही. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या हेल्पलाइनवरही बोलता येतं. बिल नसलं तरी काकांनी पैसे फोनवरून दिले होते, त्याची नोंद आहे. तक्रारीला तीच जोडतो आहोत, बोल्टांच्या फोटोंसकट.

तुमचीही गाडी अशीच "गिअरबॉक्स उतरवून" आली असेल, तर धुण्याआधी खाली शिरून बोल्टांचे फोटो काढून ठेवा.