तोरणमाळ कोणाच्या नियमाने बांधायचं? तीन वाटा शेजारी शेजारी ठेवून

मी शहाद्यात नकाशे काढतो. घरकुलं, दुकानं, कधी एखादं मंगल कार्यालय. मागच्या महिन्यात सातपुड्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणच्या बाजूचे एक ग्रामपंचायत सदस्य टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "दादा, वर आता हॉटेलं वाढतील, रस्ता रुंद होईल, घरकुलं तर चालूच आहेत. गाव गावासारखं राहावं म्हणून आम्ही काय मागायचं? चिखलदऱ्यासारखं प्राधिकरण, माथेरानसारखा झोन, की आपलाच ठराव?" चहा संपेपर्यंत जे बोललो ते अर्धवट होतं. बाकीचं इथे लिहितो.

आधी जपायचं काय ते ठरवू. पर्यटकाला विचाराल तर यशवंत तलाव, सीताखाई, थंड हवा. पण ते निसर्गाचं झालं, गावाचं नाही. गावाचं काय ते मला एका पाड्यावर घरकुलाचं माप घेताना कळलं. सरकारी योजनेतलं घरकुल कमीत कमी २५ चौरस मीटरचं हवं, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. मी फीत धरून जुन्या घराच्या पुढ्यात चार खुंट्या ठोकल्या. घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी काही न बोलता त्यातल्या दोन उपटल्या आणि दहा पावलं मागे नेऊन ठोकल्या. मुलाने मराठीत समजावलं: इथे बैल वळतो, इथे आमचूर वाळतो, होळीला इथे ढोल उभा राहतो. माझ्या कागदावर ती सगळी 'मोकळी जागा' होती.

पावरा आदिवासींच्या वस्तीत घराला घर चिकटत नाही. ज्याचं त्याचं शेत, शेतात त्याचं घर; सागाचे खांब, बांबूच्या कुडाला गारा-शेणाचा लेप, वर उतरतं कौलारू छप्पर. दोन घरांमधलं अंतर आणि पुढचं अंगण हीच इथली ओळख आहे, भिंतीवरचं नक्षीकाम नव्हे. म्हणून कोणी 'खान्देशी लूक' म्हणून धाब्याच्या घराचं चित्र घेऊन आला तर त्याला हात जोडा. धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, हे सपाटीवरचं. माझी आजी दर जूनआधी धाब्यावर खारी माती पसरायची, तेवढ्यावर पावसाळा निघून जायचा. साधारण १,१०० मीटर उंचीवरच्या पावसात ते धाबं एक हंगाम टिकणार नाही.

आता तीन वाटा.

चिखलदऱ्याची वाट

चिखलदरा आपल्याच सातपुड्यातलं, मेळघाटच्या कुशीतलं. तिथे नगरपरिषद आहे आणि नियोजनासाठी सिडको, म्हणजे राज्याचं शहरं वसवणारं महामंडळ, आणलं. या वाटेचा फायदा खोटा नाही: पैसा येतो, पाणीपुरवठा, गटार, रस्ते यांचा एकत्र विचार होतो, उतारावर वाट्टेल तसं खोदता येत नाही. तोटा असा की आराखडा आधी बनतो आणि लोकांना नंतर विचारतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. त्यात विकास आराखड्याचा मसुदा निघाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. तोवर रेषा पडलेल्या असतात. माणूस मग एवढंच विचारतो, की माझ्या गटावरून रस्ता जातो का. गाव कसं असावं हा प्रश्न तिथे कोणी मांडतच नाही, कारण तो मांडायची जागाच फॉर्मवर नसते. साताऱ्यात नवीन महाबळेश्वरसाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण केलं, सुरुवातीलाच २३५ गावांसाठी. एवढ्या गावांच्या नकाशात एका पाड्याचं अंगण कुठे दिसणार?

आणि मोठ्या योजनेला मोठं काहीतरी दाखवावं लागतं. चिखलदऱ्याचा काचेचा स्कायवॉक जंगल आणि वन्यजीव परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकला. तोरणमाळभोवतीही वनखात्याचंच जंगल आहे.

माथेरानची वाट

केंद्राने महाबळेश्वर-पाचगणीला १७ जानेवारी २००१ ला आणि माथेरानला ४ फेब्रुवारी २००३ ला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे झोन, म्हणून जाहीर केलं. अशा क्षेत्राचा मसुदा निघाला की हरकतींना ६० दिवस, म्हणजे आराखड्याच्या दुप्पट. पण मसुदा छापला जातो भारताच्या राजपत्रात, हिंदी-इंग्रजीत. पावरीत बोलणाऱ्या गावात तो समजावणार कोण हे आधी ठरवा.

दात याच वाटेला सर्वांत तीक्ष्ण आहेत. राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावलीसुद्धा अशा क्षेत्राला लागू होत नाही, तिथले नियम वेगळे. माथेरानमध्ये वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाडी जात नाही, म्हणून तो डोंगर अजून डोंगरासारखा वाटतो. हे मी मनापासून मान्य करतो.

पण दुसरी बाजूही बघा. गाड्या बंद राहिल्या आणि माणूस माणसाला हातरिक्षात ओढत राहिला. ती प्रथा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावं लागलं. लाल मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही, हा वादही तिथपर्यंत गेला. त्याच निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील आणि आतल्या रस्त्यांवर नाही असं ठरलं. म्हणजे पायाखाली माती की ब्लॉक हे दिल्लीत ठरलं. संरक्षण दूर बसलेल्या समितीकडे दिलं की बारीकसारीक निर्णयही तिकडेच जातात. आमच्या बाईला दवाखान्यात न्यायचंय, गाडी कुठवर आणू, हा प्रश्न एकदा विचारून बघा.

आपला ठराव

तोरणमाळचा अक्राणी तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत येतो. तिथे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, राज्याचे त्याचे नियम २०१४ चे. कायद्यात सरळ लिहिलंय की आपल्या परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख आणि समूहाची संसाधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे. गाव म्हणजे काय हेही तिथे वस्तीवरून ठरतं, त्यामुळे पाडा आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हा महसूल संहितेतला अडसरही तुमच्या बाजूने आहे. चिखलदरा शहर किंवा माथेरानच्या लोकांपेक्षा तुमच्या हातात सुरुवातीलाच जास्त आहे.

उणीव कुठे? गावठाणाबाहेर गेलात की बांधकामाच्या कागदावर महसूल आणि नगररचनेची सही लागते, आणि ठरावाला 'नोंद घेतली' म्हणून फाईलला लावायची सवय सगळ्यांनाच आहे. त्याहून अवघड गोष्ट घरातलीच. शेजाऱ्याच्या पोराने गुजरातेत ऊस तोडून पैसे आणले, त्याला स्लॅब टाकायचाय. नको म्हणायचं कोणी? ज्याच्या शेतात महाशिवरात्रीच्या यात्रेला तंबू लागतात, तो सभेत पुढे बसतो. बाया मागे बसतात, आणि अंगणाचं खरं माप त्यांनाच माहीत असतं.

मग काय?

माझं मत विचाराल तर प्राधिकरण नको. सुविधा हव्यात हे खरं, पण पाणी आणि रस्त्यासाठी गावाचं नियोजन दुसऱ्याच्या हातात देणं महाग पडतं. झोनची घाई नको. तो एकदा बसला की काढणं फार अवघड, आणि ठरवलेलं काही नसताना गेलात तर त्यांचा मसुदा हाच तुमचा मसुदा होतो. आधी ठराव. पुढे झोन किंवा आराखडा कोणी आणलाच, तर त्या ३० किंवा ६० दिवसांत पानभर तक्रार लिहिण्याऐवजी हाच ठराव नकाशासह लावा.

ठरावात स्लॅबबंदी घालू नका. बंदी घातली की लोक रात्री स्लॅब टाकतील, आणि पोरांना संग्रहालयात राहायला सांगायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. चार गोष्टी पुरेत. दोन घरांत किती अंतर. घरापुढे किती अंगण. वरचं छप्पर उतरतं, खाली भिंत कशाचीही असो. तलावाच्या काठापासून किती लांबवर काहीच बांधायचं नाही, तंबूसुद्धा नाही. उताराचा नियम वेगळा लिहायची गरज नाही, १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधू नये असं राज्याच्या नियमावलीत आहेच. तोच ठरावात पुन्हा घाला, म्हणजे हॉटेलवाल्याला पानावर बोट ठेवून दाखवता येईल.

सगळ्यात आधी मात्र घरकुल. हॉटेलं दहा-बारा होतील, घरकुलं दर वर्षी होतात, आणि गावाचा चेहरा तीच बदलतात. तालुक्याला मिळणारा नमुना नकाशा झेरॉक्स करून सगळीकडे तोच चालतो. माझ्या टेबलावरून गेलेत तसे बरेच, लपवत नाही. पण योजना सपाट छताचा हट्ट धरत नाही. प्रदेशागणिक स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने केंद्रानेच करून ठेवलेत. ग्रामसभेने उतरत्या छपराचा एक नमुना मंजूर करून पंचायत समितीला दिला, तर काढून द्यायला मी बसलोय.

अंतराचा आणि अंगणाचा आकडा मला विचारू नका. १ मेच्या ग्रामसभेच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक पाड्यावर फीत घेऊन जा. तेव्हा अंगणात आमचूर पसरलेला असतो. त्याच्या कडेपासून मोजा, आणि फितीचं दुसरं टोक घरातल्या बाईच्या हातात द्या.