फुग्याचा बायोगॅस संच: दोन वर्षांच्या वापरानंतर, मुख्यतः स्लरीविषयी

कोरेगाव तालुक्यातील आमच्या गोठ्यात चार संकरित गाई आहेत आणि त्या गोठ्याच्या जोरावर अडीच एकर बागायत उभी आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही २ घनमीटर क्षमतेचा तयार फुग्याचा बायोगॅस संच बसवून घेतला. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात शेगडी आणि वाचणारे सिलिंडर यांनाच सगळी जागा दिलेली होती. स्लरीबद्दल, म्हणजे गॅस निघाल्यावर संचातून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणाबद्दल, ‘उत्तम खत मिळते’ एवढी एकच ओळ होती. आज कोणी विचारले, तर हा संच स्लरीसाठी घ्यावा आणि गॅस सोबत मिळतो असे समजावे, असे मी सांगेन.

गॅसबद्दल तक्रार नाही. रोज ५० किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून टाकले, की उन्हाळ्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि गाईंचे अंबोण शिजवणे सहज भागते. डिसेंबर-जानेवारीत आतील जिवाणू मंदावतात आणि गॅस कमी पडतो. तेव्हा फुग्याभोवती उसाच्या पाचटाचा जाड थर लावल्याने थोडा फरक पडला. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी असल्यामुळे विटांच्या घुमटाचे दीनबंधू संयंत्र आम्ही टाळले आणि तो निर्णय योग्य ठरला. मात्र फुग्याला उंदीर आणि काटक्या यांपासून जपावे लागते, हे घेणाऱ्याने धरूनच चालावे.

आता मूळ विषयाकडे येतो. शेणातून गॅस काढून घेतला म्हणजे त्यातला कस गेला, असे आमचे वडील अनेक वर्षे मानत आले होते आणि गावात आजही बरेच जण तसेच मानतात. प्रत्यक्षात गॅसबरोबर बाहेर जातो तो मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या रूपातील कार्बन; नत्र, स्फुरद आणि पालाश जवळपास सगळे फुग्यातच राहतात आणि नत्राचा काही भाग तर अमोनियाच्या, म्हणजे पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात येतो. उलट उघड्या उकिरड्यावर वर्षभर पडलेल्या शेणातील नत्र उन्हाने उडून जातो, पालाश पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो आणि उरलेल्या अर्धवट कुजलेल्या खतातून पिकांची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या आपणच आपल्या शेतात नेऊन सोडतो. स्लरीतून हुमणी आली असे आमच्याकडे एकदाही झालेले नाही आणि तणही शेणखताच्या मानाने स्पष्ट कमी उगवते.

हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा, तर ताज्या शेणात सुमारे ०.३ टक्के नत्र धरला असता रोजच्या ५० किलोंतून १५० ग्रॅम, म्हणजे वर्षाला साधारण ५५ किलो नत्र हाती येतो. युरियात नत्र ४६ टक्के असल्याने हे प्रमाण ४५ किलोंच्या अडीच गोण्यांहून थोडे अधिक भरते. अनुदानित युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना केवळ नत्राच्या किमतीत ही मेहनत परवडत नाही, हे खरेच आहे. पण युरियाच्या गोणीत सेंद्रिय कर्ब नसतो, आणि आमच्या चोपण (सोडियम वाढून घट्ट, पाणी न मुरणाऱ्या) होत चाललेल्या खालच्या वाफ्यांना त्याचीच गरज होती. फुले जयवंत गवताच्या ज्या सहा गुंठ्यांत प्रत्येक कापणीनंतर स्लरी सोडत गेलो, तिथे आता पाणी साचून राहत नाही, वाफसा, म्हणजे ना फार ओली ना कोरडी अशी मशागतीजोगी ओल, लवकर येतो आणि खुरपे घातले की गांडुळे दिसतात. उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या पिकात) मी युरिया बंद केलेला नाही, परंतु दोन गोण्यांनी कमी केला आणि को ८६०३२ या जातीच्या उसाची वाढ किंवा पानांचा रंग यांत घट दिसली नाही.

चांगली पचलेली स्लरी ओळखणे अवघड नाही. सकाळी शेणकाला ओतला, की दुसऱ्या टोकाच्या काठावरून तेवढीच काळपट-हिरवी, गुळाच्या पातळ पाकासारखी धार हळूहळू उतरते. तिला शेणाचा वास नसतो, तिच्यावर माशी बसत नाही आणि ती बोटांना चिकटत नाही. पृष्ठभागावर बुडबुडे सतत उठत असतील आणि उग्र वास येत असेल, तर पचन अपुरे आहे असे समजावे. आमच्या हवामानात शेण सुमारे ४० दिवस आत राहायला हवे. घाईने जास्त शेण कोंबले, की कच्चाच माल बाहेर पडतो. गोठा फिनाईलने धुतल्यावर ते पाणी संचात जाऊ देऊ नये, कारण त्याने जिवाणूच मरतात.

वापरात आमच्याकडून एक मोठी चूक झाली. पहिल्याच उन्हाळ्यात मिरचीच्या कोवळ्या रोपांना, जमीन कोरडी असताना, स्लरी न पातळ करता बुंध्याशी ओतली आणि तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. तीन सरींतील रोपे पुन्हा लावावी लागली. तेव्हापासून एका भागास चार भाग पाणी मिसळून, वाफसा असताना आणि शक्यतो संध्याकाळी देतो. मेथी-कोथिंबिरीवर मात्र ती मुळीच देत नाही, कारण फुग्यातील साध्या तापमानाला रोगजंतू कमी होतात, पण पूर्ण नष्ट होत नाहीत.

विक्रेत्यावर माझा आक्षेप आहे तो याच टप्प्याविषयी. स्लरी जिथे बाहेर येते तिथे खड्डा केवढा असावा, त्यावर सावली हवी की नको, हे कोणी सांगितले नाही. संच बसवायला आलेल्या तंत्रज्ञांनी तर ‘दादा, उन्हात पसरून वाळवा आणि गोण्यांत भरा’ असा सल्ला दिला. त्याप्रमाणे वाळवताना अमोनियाच्या रूपातील नत्र हवेत उडून जातो, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच गमावून बसतो. पहिल्या पावसाळ्यात उघडा खड्डा भरून वाहिला आणि आठवड्याची स्लरी ओढ्याला गेली, याची हळहळ अजून वाटते. पुढे आम्ही स्वखर्चाने पत्र्याचे छप्पर घातले आणि २०० लिटरचे दोन ड्रम बसवले.

ठिबकमधून स्लरी देण्याचा विचार असेल, तर गाळणीची सोय आधी करावी. आम्ही स्लरी मच्छरदाणीच्या कापडातून पहिल्या ड्रममध्ये गाळतो, रात्रभर निवळू देतो आणि वरचेच पाणी दुसऱ्या ड्रममधून व्हेंचुरीने (ठिबकच्या पाण्यात द्रवखत ओढून घेणाऱ्या नळीने) सोडतो. त्यानंतर अर्धा तास साधे पाणी चालवले नाही, तर तोट्या तुंबतात. कापडावर उरलेला चोथा पाचटाच्या खड्ड्यात थरावर थर देऊन टाकतो. यंदा सुरू हंगामातील उसाच्या लागणीआधी सरीत घालण्यासाठी त्याच खड्ड्यातून दोन ट्रॉल्या खत निघाले.