भुईंजचा गुलाब आणि कलमं करून देणाऱ्या मावशी

भुईंजचं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा भाऊ म्हणाला, "तुला काय हवं ते घेऊन जा." मी परसातला गुलाब मागितला. न्हाणीच्या सांडपाण्यावर आजीनं वाढवलेला, पुरुषभर उंच, बुंधा मनगटाएवढा. तो मुळासकट उपटून पुण्याला आणला असता तर वाटेतच गेला असता. म्हणून वाईजवळच्या एका गावात घरामागं गुलाबाची कलमं करून देणाऱ्या मावशींकडं गेले. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. मावशींचं नाव इथे लिहीत नाही, कारण तसं त्यांनीच सांगितलंय. हंगामाला कलमासाठीच्या शंभराच्या वर काड्या त्यांना झेपत नाहीत.

त्याआधी पुण्यातल्या एका नर्सरीतून 'देशी गुलाब' म्हणून एक रोप आणलं होतं. खुंटावर, म्हणजे दुसऱ्याच गुलाबाच्या बुंध्यावर, डोळा भरलेलं रोप होतं ते. पहिल्या वर्षी लाल टपोरी फुलं आली, वास अजिबात नाही. दुसऱ्या पावसाळ्यात वरचं कलम शेंड्यापासून काळं पडत वाळलं आणि खालून खुंटाचेच फुटवे माजले. फार वाईट वाटलं होतं.

मावशींनी फोनवर पहिल्यांदा विचारलं, "ताई, झाडाच्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा आहेत का?" पानासकट एक फांदी आधी दाखवायला आणायला लावली. तशा रेघा म्हणजे मोझॅकचा विषाणू. तो काडीबरोबर नव्या रोपात जातो, औषधानं जात नाही. आमचं झाड स्वच्छ निघालं. मग सांगितलं, "कवळी काडी आणू नका, कुजती. शिसपेन्सिलीएवढी, नुकतं फूल येऊन गेलेली घ्या." भावानं दहा काड्या कापल्या. ओलं फडकं, त्यावर केळीचं सोपट, अशा बांधून मी त्या त्याच दुपारी पोचत्या केल्या.

त्यांचं काम मी ओट्यावर बसून पाहिलं. काडी वीतभर, तिच्यावर चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर. चाकू प्रत्येक काडीनंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. वरचं एक पान अर्धं ठेवून बाकी सगळी पानं काढायची, बूड मुळं फुटायच्या पावडरीत टेकवून झटकायचं आणि मग वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या पिशवीत आधी काठीनं भोक पाडून त्यात काडी सोडायची. सरळ खुपसली तर पावडर वरच खरवडून निघते. पिशवीवर बूड कापलेली पाण्याची बाटली पालथी.

पंधरा दिवसांनी गेले तर काड्यांना कोवळी लालसर पानं! मी हरखून एक काडी धरायला गेले तर मावशींनी हातच धरला. पान फुटलं म्हणजे मूळ धरलं असं नाही, काडीतल्या साठ्यावरच पान फुटतं. ओढून बघितलं की नाजूक मूळ तुटतं आणि काडी गेली. दोन महिने कुणालाही पिशवीला हात लावू देत नाहीत त्या. दहातल्या सात जगल्या. जगलेल्या रोपामागे १२० रुपये, मेलेल्याचे काही नाही.

या गुलाबाला मावशी एडवर्ड म्हणतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, ज्याला तेव्हा बूर्बाँ म्हणत, कुंपणाला लावलेल्या चिनी 'ओल्ड ब्लश' आणि दमास्क गुलाबाचा आपोआप झालेला हा संकर. तिथून त्याचं बी १९व्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसला गेलं आणि त्यापासून बूर्बाँ गुलाबांचं घराणं उभं राहिलं. वाचलं तेव्हा आजीच्या झाडाचं कोडं सुटलं. वास दमास्कचा, पण दमास्कसारखा फक्त चैतात फुलून थांबत नाही. पुन्हापुन्हा फुलायची सवय चिनी बाजूकडून आली. १८६७ साली 'ला फ्रान्स' हा गुलाब आला आणि हायब्रिड टी, म्हणजे आजच्या बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबांचं युग सुरू झालं. त्याआधीच्या घराण्यांना जगभर जुने बागेतले गुलाब म्हणतात. आजी त्याला नुसतं "गुलाब" म्हणायची. दुसरे सगळे तिच्या लेखी "शोभेचे".

फूल लहान, वाटीसारखं, गुलाबी. पाकळी इतकी पातळ की बोटावर ठेवली तर खालून बोटाची रेघ दिसते. म्हणून तर गुलकंद एकजीव व्हायचा, आजीच्या बरणीत पाकळी आणि खडीसाखर वेगळी ओळखू यायची नाही. पण सकाळी उमललेलं फूल तिन्हीसांजेला सांडतं. लांब दांड्याचं, आठवडाभर टिकणारं फूल मागणाऱ्या बाजाराला ते नको असतं, मग नर्सरीवाला तरी कशाला करील? अशी झाडं परसातच टिकतात आणि परस गेलं की जातात.

आता तक्रारी. वेळ फार लागतो. नोव्हेंबरात काड्या दिल्या, रोपं हातात आली जूनमध्ये. कुरियर नाही, स्वतः जावं लागतं. फोन संध्याकाळी सातनंतरच लागतो. आणि पिशव्यांवरची मार्करची नावं उन्हानं उडतात. मला मिळालेल्या सहा रोपांपैकी एकाला सप्टेंबरात गडद लाल फूल आलं. ते 'ग्रुस आन टेप्लित्झ' निघालं, गेश्विंड नावाच्या पैदासकारानं काढलेला १८९७ सालचा गुलाब, वासाला सुरेखच. पण माझ्या आजीचा नव्हे! फोन केल्यावर मावशी ओशाळल्या, पुढच्या खेपेला बदलून दिला. तेव्हापासून त्या पेयांच्या रिकाम्या डब्यांच्या पट्ट्या कापून त्यावर खिळ्यानं नाव कोरतात. ते पुसत नाही.

सातवं रोप कुठे गेलं? मावशींची एकच अट असते: प्रत्येक जातीचं एक रोप त्यांच्या वाफ्यात राहणार. सुरुवातीला मला ते रुचलं नव्हतं. पण नाशिकला धाकट्या बहिणीला दिलेलं रोप मे महिन्यात गच्चीवर करपलं आणि भुईंजचं मूळ झाड तर तोवर जेसीबीखाली गेलं होतं. मावशींनी त्यांच्या वाफ्यातल्या झाडाच्या दोन काड्या लावल्या आणि बहिणीचं रोप दिवाळीला परत उभं राहिलं. या अटीसाठी मी त्यांना पाचपैकी पाच देईन, बाकीच्या उशिरासकट.

काड्या द्यायच्या असतील तर दसऱ्यानंतर छाटणीच्या वेळी द्या. झाड पाडापाडीत सापडणार असेल तर आधी सांगा, अशांना त्या रांगेत पुढे घेतात. आणि गेलात की मागचा वाफा बघितल्याशिवाय येऊ नका. एकेका झाडाला एकेक पट्टी: "मेणवली, विहिरीजवळचा". "ओझर्डे, शाळेचा". "मास्तरीणबाईंचा पांढरा". आमच्या पट्टीवर आहे "भुईंज, न्हाणीमागचा". परवा त्याला सहा कळ्या होत्या.