मोतीबिंदू: फेको करायचं की एसआयसीएस?
आईच्या मोतीबिंदूच्या वेळी घरात हाच घोळ चालू होता, दोन्ही मोतीबिंदू काढायच्या शस्त्रक्रियाच: फेको मशीनने, एसआयसीएस हाताने. फेकोत साधारण 2.2 ते 2.8 मिमीचा छेद घेतात, अल्ट्रासाऊंडने डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग आतच फोडून ओढून घेतात (लोक सर्रास लेझर म्हणतात, ते लेझर नसतं बरं का) आणि घडी होणारी कृत्रिम लेन्स बसवतात, नजर लवकर सेट होते. एसआयसीएसला छेद 6-7 मिमी, भिंगाचा कडक गर आख्खा बाहेर काढतात, टाका सहसा तिथेही लागत नाही. सिलिंडरचा नंबर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणारा चष्म्याचा नंबर) थोडा जास्त येऊ शकतो, पण खर्च कमी आणि पिकून दगड झालेल्या मोतीबिंदूला मला तरी हीच बरी वाटते. आईचा कच्चा होता म्हणून फेको, गावाकडच्या मामांचा पार पिकलेला, त्यांना शिबिरात एसआयसीएस केलं. दोघंही आता पेपर वाचतात, चष्मा लावूनच.