फुलण्याआधीचा अभिप्राय : वसंतातील कंदांची एक पिशवी

ट्युलिप आणि डॅफोडिलच्या कंदांची ही मिश्र पिशवी मी पानगळीच्या सुमारास टपालाने मागवली होती. आज ऐन थंडीत कुंड्यांमध्ये मातीखेरीज काहीही दिसत नसताना तिच्याविषयी लिहिणे घाईचे वाटेल. परंतु विक्रेत्याचे काम फूल उमलण्याच्या कितीतरी आधी संपलेले असते, कारण ट्युलिपची कळी लागवडीपूर्वीच कंदाच्या पोटात तयार झालेली असते. खात्रीसाठी मी एक कंद सुरीने उभा चिरला, तेव्हा पांढऱ्या, रसरशीत पापुद्र्यांच्या मधोमध बसलेली इवलीशी फिकट कळी, आतल्या पुंकेसरांसह, भिंगाखाली स्पष्ट दिसली. एका फुलाला मुकलो याची हळहळ वाटली, पण माल जिवंत आहे हे कळले.

वीस ट्युलिपांपैकी दोन कंद बुडाशी मऊ पडले होते व त्यांना आंबूस वास येत होता, म्हणून ते टाकून द्यावे लागले. बाकीचे हाताला घट्ट आणि जड लागले. डॅफोडिलचे दहाही कंद उत्तम निघाले. ते विषारी असल्यामुळे उंदीर आणि खारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. ट्युलिपच्या कुंड्यांवर मात्र जाळी बांधावी लागली.

खरी तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे. ‘थंड जागी ठेवा’ एवढ्यावर ते थांबते. ट्युलिपला साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंश सेल्सिअसच्या खालची थंडी मिळाली नाही, तर दांडा आखूड राहतो किंवा फूलच येत नाही. आणि जेथे हिवाळा पुरेसा कडक नसतो, तेथे कंद फ्रीजमध्ये ठेवताना शेजारी पिकलेली सफरचंदे असतील, तर त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी करपते. नवख्या माणसाला हे कोण सांगणार? कंदाचा घेरही पिशवीवर छापलेला नाही, वास्तविक फुलाचा आकार बव्हंशी त्यावरच ठरतो.

परवा न राहवून एका कुंडीतील गारठलेली माती बोटाने किंचित उकरली (हा मोह टाळायला हवा होता), तर डॅफोडिलचे हिरवे टोक लागले. माती पुन्हा सारखी करून ठेवली. पुढील वर्षीही डॅफोडिल येथूनच घेईन, ट्युलिप मात्र घेर छापणाऱ्या विक्रेत्याकडून.