ऑइल गळती शोधायचा डाय, निळा टॉर्च आणि पिवळा चष्मा: जुन्या गाडीवर वापरून पाहिल्यावर

जुन्या गाडीखाली तेल दिसलं की "क्रँकचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं. मलाही मिळालं. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, इंजिन आडवं बसवलेलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, बेल हाउसिंगच्या खालच्या काठाला थेंब लोंबत होता. मेकॅनिकने टॉर्च मारला, थेंबाला बोट लावून वास घेतला आणि निदान संपलं. फ्लायव्हीलकडचं ते सील म्हणजे रबराची एक कडी, पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवायचं. एवढं खोलायचं तर नुसत्या अंदाजावर का खोलायचं, म्हणून हा संच मागवला.

डब्यात तीन वस्तू: डायच्या छोट्या बाटल्या, जांभळट-निळा उजेड देणारा एलईडी टॉर्च आणि पिवळ्या काचांचा चष्मा. डाय इंजिन ऑइलमध्ये मिसळायचा, गाडी चालवायची. तेल जिथून बाहेर येईल तिथे या टॉर्चखाली पिवळट-हिरवं चमकतं. प्रमाण साधारण ४ ते ५ लिटर तेलाला ३० मिली. घेताना लेबल मात्र नीट वाचा. कूलंटचा डाय पाण्यात मिसळणारा असतो, एसीचा आणखी वेगळा. इंजिनात तेलात मिसळणाराच हवा.

सोबतच्या पत्रकात सफाईबद्दल एकच ओळ आहे आणि माझी मुख्य तक्रार तीच. अर्धं काम सफाईचंच आहे. वर्षानुवर्षांचा तेल-धुळीचा थर तसाच ठेवलात तर नवं तेल त्यात मुरतं, पसरतं आणि उगम काही केल्या कळत नाही. शिवाय काही तेलं डाय नसतानाही त्या उजेडात फिकट निळसर दिसतात, तो घोळ वेगळाच. इंजिन गार असताना डीग्रीझर मारून नायलॉनच्या ब्रशने घासलं. अल्टरनेटर आणि हवेच्या पाइपाचं तोंड आधी प्लास्टिकने बांधून घेतलं, पाणी हलक्या धारेनेच सोडलं. डाय ओतताना लांब नळीचं नरसाळं घ्या आणि फिलरच्या तोंडाशी सांडलेला थेंब तिथल्या तिथे पुसा, नाहीतर सगळं टॅपेट कव्हरच (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) हिरवं दिसायचं.

"काही मिनिटांत निदान" असं डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय. तेल धारेने वाहत असेल तर ते खरंही असेल. माझ्यासारखी झिरपणारी गळती असेल तर रोजच्यासारखी गाडी चालवत राहायचं आणि अधूनमधून अंधारात बॉनेट उघडून बघायचं, दुसरा उपाय नाही.

आता दिसलं काय ते सांगते. खालून बघितलं तर बेल हाउसिंगचा काठ हिरवागार, म्हणजे वरवर मेकॅनिकचंच खरं. पण तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं, म्हणून बघायचा तो सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू. टॉर्च हळूहळू वर नेला. काठावरून हिरवी रेघ बेल हाउसिंगच्या एका उभ्या कण्यावर चढत होती. तिथून ब्लॉक आणि हेडच्या सांध्यावरून पुढे आणि शेवटी टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात, अर्धचंद्राच्या आकाराचं रबर बसतं त्याच्या बरोबर खाली संपत होती. तिथे ती केसाएवढी बारीक होती. साध्या टॉर्चने हाच कोपरा आधी पाहिला होता, तेव्हा तो नुसता मळकट वाटला होता.

तरी एक शंका उरतेच: वरूनही गळतंय आणि सीलही गेलंय, असं असू शकतं. माझ्या गाडीत बेल हाउसिंगखाली पत्र्याचं छोटं झाकण आहे. गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका) ते काढलं आणि आत टॉर्च फिरवला. सील गळत असतं तर फ्लायव्हीलच्या मागे आणि हाउसिंगच्या आतल्या तळाशी हिरवं दिसलं असतं. आत कोरडी धूळ होती. गिअरबॉक्स उतरवायचा बेत तिथेच रद्द केला.

न मागता आणखी एक गोष्ट हाती लागली. ऑइल प्रेशर स्विचच्या वायरच्या टोकात हिरवा ठिपका होता. हा स्विच आतून फुटला की तेल त्याच्यातूनच वर येऊन वायरच्या खोबणीत शिरतं आणि बाहेरून आटे कोरडेच दिसतात. नुसत्या डोळ्यांना हे सापडलं नसतं. स्विच बदलणं सोपं आहे, लगेच बदलून टाकला.

टॅपेट कव्हर उघडल्यावर जुनं पॅकिंग तुकड्या-तुकड्यांनीच निघालं. उष्णतेने रबर इतकं कडक झालं होतं की वाकवलं की कट्कन तुटायचं. पण नवं पॅकिंग घालून मोकळं व्हायच्या आधी ब्रीदर बघायलाच हवा, आणि त्याचा पत्रकात उल्लेखही नाही. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली, क्रँक आणि तेल असतं त्या चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याची नळी. ती वाट तुंबली की आत दाब साठतो आणि तेलाला जिथे कमकुवत सांधा सापडेल तिथून बाहेर ढकलतो. मग नवं पॅकिंगही गळतं आणि दोष पॅकिंगला लागतो. माझा व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळायला हवा होता, तर तो चिकट गाळाने गच्च झाला होता. बदलल्यावर इंजिन आयडलवर ठेवून फिलरच्या उघड्या तोंडावर जाड कागद धरला. कागद हलकासा आत ओढला गेला. तो उडायला लागला असता तर आत अजून दाब आहे असं समजून रिंगांकडे लक्ष द्यावं लागलं असतं.

पॅकिंग बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आणि मोजूनच आवळा. या बोल्टांना बऱ्याच इंजिनांत फक्त ८ ते १० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलात बघा. गळू नये म्हणून जोर लावून आवळणारे हात पॅकिंग पिळून बाहेर काढतात आणि गळती वाढवतात. अर्धचंद्राच्या दोन्ही टोकांना सिलिकॉन सीलंटचा बारीक ठिपका लागतो, सगळीकडे चोपडायचा नाही.

परत संचाकडे. चष्मा कामाचा आहे, निळी तिरीप कापली जाते आणि हिरवं ठळक उठतं. टॉर्च मात्र कमकुवत. त्याचा उजेड ३९५ नॅनोमीटरचा, त्यात जांभळा प्रकाशच इतका सांडतो की बारीक रेघ त्यात बुडते. मैत्रिणीकडचा ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मागून आणला तेव्हा कोपऱ्यातली ती केसाएवढी रेघ स्पष्ट दिसली. डायबद्दल तक्रार नाही, फक्त काळ्या झालेल्या तेलात तो मंद चमकतो. डिझेल गाडीत तेल काजळीने लवकर काळं होतं, तेव्हा ऑइल बदलतानाच घाला. पुढच्या ऑइल बदलापर्यंत डाय तेलात राहतो, त्यामुळे दुरुस्तीनंतर पुन्हा तपासता येतं. त्याआधी जुन्या हिरव्या खुणा धुऊन काढा, नाहीतर दुरुस्ती फसली असं वाटून उगाच धसका बसेल.

ड्रेन बोल्टखालीच थेंब दिसत असेल तर हा खटाटोप नको, वॉशर बदला. ऑइल फिल्टरच्या बुडाशी ओलं असेल तर जुन्या फिल्टरचं रबर वर चिकटून राहिलेलं नाही ना, एवढं बघा. आणि गळती बंद करणारी म्हणून मिळणारी ती औषधाची बाटली? ती रबर फुगवून काही दिवस ढकलते, तुटलेल्या पॅकिंगला तिचा काही उपयोग नाही. पण कुणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं असेल तर आधी हा डाय वापराच. मी पाचपैकी चार देते, कापलेला एक टॉर्चचा. पुढच्या वेळी नुसती डायची बाटली घेईन आणि टॉर्च वेगळा, ३६५चाच.