'झेन्झेन' की 'केश्शिते'?

जपानीत नकारावर जोर द्यायला दोन्ही आहेत, पण अदलाबदल केली की वाक्य फसतं.

प्रमाण सांगायचं तर झेन्झेन: 'किनो वा झेन्झेन नेमुरेनाकात्ता', काल अजिबात झोप लागली नाही. इथे केश्शिते विचित्र वाटेल. त्याचा जोर निर्धारावर आणि ताकिदीवर. 'केश्शिते वासुरेमासेन', कदापि विसरणार नाही. गप्पांत मात्र ते जड वाटतं.

दोघांनाही शेवटी क्रियापदाचं नकारार्थी रूप (नाई, नाकात्ता, मासेन वगैरे) लागतं. क्रियापद वाक्याच्या टोकाला, त्यामुळे तिथवर पोहोचेपर्यंत नकार निसटतो आणि 'झेन्झेन वाकारिमासु' ('अजिबात समजतं') होतं. चूकच. 'झेन्झेन दाइजोबु' ('अगदी ठीक आहे') बोलीत खपतं (परीक्षेत नको!), केश्शितेला तीही सूट नाही.

रोजच्या बोलण्याला झेन्झेन घ्या. वचन, माफीपत्र, सक्त मनाई असेल तर केश्शिते.